लागत नसलेला परवाना

समितीच्या पहिल्या बैठकीत सर्वात जास्त वेळ गेला तो अग्निबाण हे वाहन आहे की माल, या मुद्द्यावर. वाहन ठरले तर हवाई वाहतुकीचे नियम लागणार होते, माल ठरला तर स्फोटकांचे. बंदर खात्याच्या अधिकाऱ्याने तिसरी बाजू मांडली. अग्निबाण शेवटी समुद्रात पडणार, पडल्यावर त्याचे भंगार होणार, आणि समुद्रातल्या भंगाराबद्दल त्यांच्या खात्याचे स्वतंत्र परिपत्रक होते. त्यावर स्फोटकांचे अधिकारी म्हणाले, "पडल्यानंतरचं तुम्ही बघा. पडेपर्यंत तो कोणाचा, ते आधी ठरू द्या." तेवढ्यात चहा आला आणि मुद्दा पुढच्या बैठकीवर गेला.

हे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचे. मी एका मराठी दैनिकाच्या नवी मुंबई कार्यालयात बातमीदार होतो. नेहमीचे विषय पाणी, भूखंड, बाजार समिती आणि मोर्चे. बेलापूरच्या सरकारी इमारतीत भरलेल्या त्या बैठकीला मला पाठवले गेले, कारण त्या दिवशी दुसरे कोणी मोकळे नव्हते. समितीचे नाव इतके लांब होते की दाराबाहेरच्या पाटीवर रंगाऱ्याला शेवटची अक्षरे बारीक करावी लागली होती. अर्थ साधा होता. उद्योगांचे परवाने एकामागून एक रद्द होत होते. पुढेमागे खासगी कंपन्याही पैसे घेऊन उपग्रह आणि उपकरणे वर पाठवतील, असे कोणाला तरी वाटले होते. अवकाश हा विषय केंद्राचा. पण जमीन, पोलीस, बंदर आणि दारूगोळ्याची वाहतूक इथली. त्या सगळ्या परवानग्यांचा आढावा घ्यायचा आणि त्या सुटसुटीत करायच्या, हे समितीचे काम.

समितीसमोर प्रत्यक्षात अर्ज एकच होता. अर्जदार भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले होते. अग्निबाण त्यांनीच बनवला होता, पण तो वाहन आहे की माल, हे त्यांना कोणी विचारले नाही.

बैठक संपल्यावर मी विचारले. ते म्हणाले, "आवं, मला काय म्हनायचंय त्याला? तुमी गाय म्हना, म्हैस म्हना. दूध काढू द्या म्हंजे झालं."

त्यांचा कारखाना तळोज्याला होता. तिथे जहाजांवरचे संकटाचे बाण बनत. जहाज अडचणीत आले की खलाशी असा बाण सोडतो. तो वर जाऊन लाल पेटतो आणि लांबून दिसतो. त्या कामाचा त्यांचा परवाना रीतसर होता. मात्र बाजार खुला झाल्यापासून बाहेरचे स्वस्त बाण येऊ लागले होते आणि बंदरातली गिऱ्हाइके तुटत चालली होती. म्हणून त्यांनी मोठा बाण तयार केला होता. माणसाच्या दुप्पट उंचीचा, टोकाला हवामान मोजणारे उपकरण ठेवण्याची जागा असलेला. बाण वर पोचला की उपकरण सुटे होऊन हवाई छत्रीने खाली यायचे. अशी उपकरणे बनवणारी एक परदेशी कंपनी ती वर पाठवण्यासाठी माणूस शोधत होती. तिच्या दोन अटी होत्या. पावसाळ्याआधी एक चाचणी डोळ्यांसमोर झाली पाहिजे, आणि चाचणीआधी परवान्याची प्रत हातात पडली पाहिजे. दोन्ही जमले तर कायमचे काम. नाही जमले तर कंपनी दुसऱ्या देशात जाणार होती आणि तळोज्याचा कारखाना चालू ठेवण्यासारखे काही उरणार नव्हते.

"हा अवकाशात जातो का?" मी विचारले. बातमीसाठी ते लागणार होते.

"काठाला शिवून येतो म्हना."

"काठ किती उंचीवर असतो?"

"ते समितीला इचारा," ते म्हणाले. समितीलाही ते माहीत नव्हते. अवकाश कुठे सुरू होतो, यावर जगात एकमत नाही, असे सदस्य सचिवांनी मला सांगितले आणि हे छापू नका असेही सांगितले.

अर्जदार साताऱ्याकडचे. वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. इंजिनिअर झालेल्या मुलाच्या बोलण्यातून गाव गेले नव्हते आणि ते घालवायची त्यांना घाईही नव्हती. "आमच्या म्हाताऱ्यानं जन्मभर पाठीवर गोनी चढिवली. मी वर चढिवतो, एवढाच फरक," असे ते कोणालाही सांगत. कारखान्याचा पत्रव्यवहार पत्नी बघत. त्या पनवेलच्या, रसायनशास्त्र शिकलेल्या. नवरा विनोद करू लागला की त्या कागद पुढे सरकवून "अहो, सही" एवढेच म्हणत.

समितीचे अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी होते. दुसऱ्या बैठकीत त्यांनी कामाची पद्धत ठरवली. अर्जदाराला आजवर ज्या ज्या कार्यालयाने ना-हरकत आणायला सांगितली, त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: कोणत्या नियमाखाली? नियम दाखवता आला तर नाव यादीत राहील, नाही दाखवता आला तर नाव कापायचे.

अशी सोपी रीत मी सरकारी सभागृहात पूर्वी पाहिली नव्हती. परिणामही लगेच दिसला. एका कार्यालयाने सांगितले की त्यांनी ना-हरकत मागितली, कारण शेजारच्या कार्यालयाने मागितली होती. शेजारच्यांनी सांगितले की त्यांनी ती पहिल्यांचे पत्र पाहून मागितली. दोन्ही नावे कापली. अग्निशमन दलाच्या नियमात इमारतीची उंची होती, उडणाऱ्या वस्तूची नव्हती. कापले. हवाई वाहतुकीच्या प्रतिनिधीने तो विमान नाही असे लिहून दिले. स्फोटकांच्या अधिकाऱ्याने सांगितले की दारू भरणे आणि नेणे यांचा परवाना अर्जदाराकडे आहेच. सोडण्याबद्दल त्यांच्या पुस्तकात काही नाही. बंदर खात्याचे परिपत्रक जहाजांच्याच भंगारापुरते निघाले. केंद्र सरकारकडून उत्तर आले की त्यांचे नियम त्यांच्या स्वतःच्या प्रक्षेपण केंद्रांपुरते आहेत. प्रत्येक नावावर अध्यक्ष तांबड्या पेन्सिलीने रेघ मारत आणि अर्जदारांकडे पाहून हसत. अर्जदारही हसत. माझ्या बातम्यांचे मथळे आनंदी होत गेले.

कार्यालयात मुख्य उपसंपादकांना आनंद नव्हता. ते जुन्या शिस्तीचे होते. बातमीच्या पहिल्या वाक्यात सगळे यायला हवे, हा त्यांचा आग्रह.

"म्हणजे परवाना लागतो की नाही? एका ओळीत सांग."

"लागतो असं कोणी म्हणत नाही."

"मग लागत नाही असं लिही."

"तसंही कोणी म्हणत नाही."

"अरे, मग तुझी बातमी काय? समितीने चहा घेतला?"

बातमी आतल्या पानावर गेली. लागतो की नाही, हा त्यांचा प्रश्न बरोबर होता, हे कळायला मला आणखी काही आठवडे लागले.

समितीने अहवाल वेळेवर दिला, हीच एक बातमी होती. निष्कर्ष असा की व्यापारी प्रक्षेपणासाठी सध्याच्या कोणत्याही नियमाखाली वेगळ्या परवान्याची आवश्यकता आढळत नाही. परवानग्यांची लांबलचक यादी शून्यावर आली होती. अध्यक्षांचे अभिनंदन झाले. अर्जदारांनी पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवून ते म्हणाले, "लिवा आता. मोकळं झालं आभाळ." मी जवळपास तसेच लिहिले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या पत्नीचा फोन आला. "समितीत कोणाकडे शिक्का होता, तुम्हाला आठवतं का?"

अडचण अशी होती. परदेशी कंपनीला परवान्याची प्रत हवी होती. परवाना लागत नाही, हे फॅक्सने कळवल्यावर तिचे उत्तर आले: ठीक आहे, मग लागत नाही असे पत्र पाठवा. जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने. ते पत्र घेण्यासाठी नवराबायको एकेका कार्यालयात जात होते. ज्या कार्यालयाचे नाव यादीतून कापले गेले होते ते म्हणे, आमचा आता संबंध नाही. पूर्वी हेच लोक कागद मागत होते. आता कागद देता येत नाही, असे सांगत होते, आणि दोन्ही वेळा त्यांचे बरोबर होते.

एका फेरीत मी बरोबर होतो. खिडकीतल्या लिपिकाने अहवालाची प्रत शांतपणे वाचली आणि परत दिली.

"मॅडम, तुम्हाला लायसन लागत नाय, बरोबर?"

"हो."

"मग टेन्शन कशाला घेताय? ज्याला लागतं तो इथे रडतो. तुम्ही पहिल्याच, न लागणारं मागताय."

"लागत नाही असंच लिहून द्या ना."

"कोणत्या नियमाखाली?" लिपिकाने विचारले. त्याला समितीची काही कल्पना नव्हती. तो त्याचा नेहमीचा प्रश्न होता.

अध्यक्षांचे घर वाशीला होते. आम्ही गेलो तेव्हा ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. पत्र द्यायला त्यांची ना नव्हती. पण अहवाल दिला त्या दिवशी समिती संपली होती, आणि समितीबरोबर तिचा कागद, शिक्का आणि अध्यक्षपद संपले होते. "मी लिहून देईन," ते म्हणाले, "पण ते एका सेवानिवृत्त गृहस्थाचं पत्र असेल. त्याचा उपयोग सोसायटीच्या मीटिंगलाही होत नाही." ते थट्टा करत नव्हते. आपल्या कामात चूक कुठे झाली, हे त्यांना खरोखरच दिसत नव्हते. मलाही दिसत नव्हते. लायसन-राज संपायला हवे, असे त्या काळात आम्ही सगळेच लिहीत होतो. एका बाणापुरते ते संपले होते, आणि बाण तळोज्याच्या गोदामात आडवा पडून होता.

बाण सोडण्याची जागा मात्र पक्की होती. द्रोणागिरीच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी एक गाव आहे. जमिनी संपादनात गेलेल्या, काही मिठागरे उरलेली, मासेमारी चालू. गावाच्या मच्छिमार सोसायटीचे चेअरमन पन्नाशीचे होते. आधी शेती, मग मासेमारी, आता भरावाच्या मातीचे डंपर. भरती आली की ज्यावर पाणी चढत नाही असा एक उंचवटा त्यांच्या भावकीचा होता आणि तो त्यांनी द्यायचे कबूल केले होते. अट एकच. बाण सुटेल तेव्हा खाडीत होडी नसावी. ती अट अर्जदारांनीच घातली होती, कारण बाणाचे रिकामे नळकांडे कुठे पडेल हे त्यांना अंदाजानेच सांगता येत होते.

अडचण ऐकून चेअरमन बराच वेळ हसले.

"शेठ, तुमाला कागुद पायजे, शिक्का पायजे, पोलिसाची सही पायजे. बरोबर?"

"पोलिसाची कशाला?" अर्जदारांनी विचारले.

"कोनाची तरी पायजे ना? आमचे देवीची जत्रा हाय चैत्रान. जत्रंला दारूकाम असतं. त्याचा परवाना पोलीस ठान्यातून भेटतो. दरसाल भेटतो. त्यान टाका तुमचा बान."

"त्ये शोभंचं दारूकाम. माझा बान शोभंचा न्हाई."

"वर जातो का नाय?"

"जातो."

"धूर कारतो का नाय?"

"काढतो."

"मंग?" चेअरमन म्हणाले. "आनि ऐका. जत्रंचे दिशी गावातली एक होरी पान्यान जात नाय. दर्याला सुट्टी. तुमाला खाडी मोकली पायजे, ती पन भेटली."

अर्जदारांनी नाही म्हटले. परतीच्या वाटेवर ते गाडीत मागे बसले होते. मग पनवेलजवळ एकदम म्हणाले, "एकदा शोभंचा म्हनून लिवलं का जलमभर शोभंचाच ऱ्हानार."

पत्नी पुढे बसल्या होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "अहो, सोडला तर शोभेचा म्हणतील. नाही सोडला तर शोपीसच होणार आहे तो."

त्याच आठवड्यात कंपनीने कळवले की त्यांचा प्रतिनिधी येतो आहे. पावसाळ्याआधी आणखी एक फेरी त्याला जमणार नाही. अर्जदार पोलीस ठाण्यात गेले.

ठाण्याचे इन्स्पेक्टर कामसू होते. अर्जाचा नमुना जत्रेचाच होता. प्रकार: शोभेचे दारूकाम. नग: एक. उंचीच्या रकान्यात अर्जदारांनी खरा आकडा लिहिला. खोटे काहीच लिहायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. इन्स्पेक्टरांनी तो वाचला, चष्मा काढला, परत घातला.

"एवढ्या वर कशाला पाठवताय? दिसणार कोणाला?"

"दिसायला न्हाई साहेब. हवा मोजायला."

"आणि दिवसा? दिवसा दारूकाम कोण करतं?"

चेअरमन बरोबर होते. "पालखी सकालची निंगते साहेब," ते म्हणाले. हे खरे होते.

इन्स्पेक्टरांना काळजी वेगळीच होती. त्यांच्या नोकरीची अर्धी वर्षे हद्दीच्या भांडणात गेली होती. प्रेत खाडीच्या कोणत्या काठाला लागले, ट्रक पुलाच्या कोणत्या बाजूला उलटला, यावर शेजारच्या ठाण्याशी पत्रापत्री चाले. त्यांनी विचारले, "माझी हद्द वर कुठपर्यंत?"

मी आठवून पाहिले. समितीत हा प्रश्न निघालाच नव्हता. शेवटी इन्स्पेक्टरांनी स्वतःच मार्ग काढला. परवान्यावर नेहमीच्या अटी होत्या: पाण्याचा टँकर, झोपड्यांपासून अंतर, दुपारच्या आत उरकणे. त्याखाली त्यांनी हाताने लिहिले की सदर परवानगी दारूकाम जमिनीवर असेपर्यंतच लागू राहील. त्यापुढील बाब या ठाण्याच्या कक्षेत येत नाही. सही केली. शिक्का मारला.

त्याचे इंग्रजी मी करून दिले. प्रतिनिधी मध्यमवयीन, उन्हाने लाल झालेला माणूस होता. त्याने मूळ कागदही मागून घेतला आणि शिक्क्यावर बोट ठेवून विचारले की ही सही करणारा माणूस कोण, आणि काही बिघडले तर तो सापडेल का? सापडेल, मी सांगितले, तो रोज ठाण्यात असतो. शोभेच्या दारूकामाबद्दल तो काही बोलला नाही. त्याच्या देशात याला काय म्हणतात ते मी विचारले. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला की त्यांच्याकडेही गेली काही वर्षे हे नियम सुटसुटीत करणे चालू आहे.

जत्रेच्या दिवशी सकाळी बाण उंचवट्यावर उभा होता. गावात पालखी निघाली होती. बेंजो पार्टीचा आवाज इथपर्यंत येत होता. अर्जदार, त्यांच्या पत्नी, प्रतिनिधी, एक हवालदार, टँकर आणि मी. चेअरमन शब्दाला जागले होते. गावच्या सगळ्या होड्या काठाला ओळीने बांधलेल्या, पताका लावलेल्या. खाडी मोकळी होती.

मग पलीकडच्या काठाकडून एक होडी निघाली. तिच्यामागून दुसरी. थोड्या वेळाने खाडीच्या तोंडाशी होड्याच होड्या दिसू लागल्या. त्यांत नव्या साड्या नेसलेल्या बायका, मांडीवर पोरे, डोक्यावर टोपल्या.

"ह्या कोनाच्या?" अर्जदारांनी विचारले.

चेअरमननी कपाळाला हात लावला. "आयला. आमच्याच पोरी."

जत्रेला गावातली होडी पाण्यात जात नाही, हे खरे होते. पण जत्रेला माहेरवाशिणी येतात. खाडीपलीकडे दिलेल्या सगळ्या मुली त्या सकाळी, नवरा आणि सासर घेऊन, होडीनेच येतात. हे गावात सगळ्यांना इतके माहीत होते की कोणाच्या बोलण्यातही आले नव्हते. वर्षातून एकदा गावाची खाडी खरी भरते ती त्याच दिवशी.

हवालदाराने घड्याळाकडे पाहिले. परवाना दुपारपर्यंतचा होता. पाण्यावरचा वारा वाढत होता, आणि एका मर्यादेपुढे वाऱ्यात बाण सोडता येणार नव्हता. प्रतिनिधी आधी होड्यांकडे आणि मग अर्जदारांकडे पाहत राहिला. होड्या नळकांडे पडण्याच्या नेमक्या जागी नव्हत्या, थोड्या अलीकडे होत्या. धोका फार नव्हता, असे पत्नी हिशेब बघून म्हणाल्या.

"फार न्हाई, पन हाय," अर्जदार म्हणाले. ते बाणापासून लांब जाऊन खाली बसले. "येऊ द्यात. माहेराला निघाल्यात."

चेअरमन काठावर उभे राहून ओरडत होते. "ए ताई! तुजे नवऱ्याला सांग, लवकर वल्हव! सासूशी गप्पा मंग मार!" होडीतून उत्तर आले, "दादा, आल्या आल्या वरडू नको, नायतर परत जाते!" सगळी होडी हसली. कोणालाही घाई नव्हती. होड्या लागत होत्या, बायका उतरून नारळ फोडत होत्या, चिखलातून पालखीकडे जात होत्या. वाऱ्याने पताका ताठ झाल्या. अर्जदारांच्या पत्नी हातातल्या वाऱ्याच्या चक्रीकडे पाहत होत्या आणि दर थोड्या वेळाने एकच शब्द सांगत होत्या: "चालेल." मग: "चालेल अजून." मग त्यांनी चक्री आणखी उंच धरली.

शेवटची होडी लागली तेव्हा हवालदार उठून उभा राहिला होता. पत्नी म्हणाल्या, "आता. नाहीतर नाही." अर्जदारांनी बटण दाबले.

आवाज मोठा झाला, पण मला वाटला होता तितका नाही. पांढरा धूर सरळ वर गेला, वाकला आणि नाहीसा झाला. पालखीपाशी लोक वर बघू लागले, बघत राहिले, आणि काहीच फुटत नाही असे पाहून पुन्हा खाली बघू लागले. नुकतीच उतरलेली एक बाई म्हणाली, "ह्यात रंग नाय? नुसता धूर? गेल सालचा बरा होता." प्रतिनिधी कानाला यंत्र लावून बसला होता. काही वेळाने त्याने अंगठा वर केला. उपकरण बोलत होते. नळकांडे कुठे पडले, ते कोणी पाहिले नाही.

अर्जदारांनी पत्नीकडे पाहिले. चेअरमननी सगळ्यांना जेवायला नेले.

त्या रात्री मी बातमी लिहायला बसलो आणि लिहू शकलो नाही. खासगी अग्निबाण गेला, असे लिहिले तर तो कोणत्या परवान्याने गेला ते लिहावे लागत होते. जत्रेत दारूकाम झाले, असे लिहिले तर ती बातमी नव्हती. मुख्य उपसंपादकांना मी तोंडी सांगितले. ते म्हणाले, "हे खरं आहे का?" मी हो म्हणालो. "कायदेशीर आहे?" मला सांगता आले नाही. त्यांनी जत्रेची चार ओळींची बातमी लावली.

कंपनीचे पत्र आले. चाचणी समाधानकारक, कायमच्या कामाचा करार करण्यास तयार, सोबत प्रक्षेपणाचा कायमस्वरूपी परवाना जोडावा. जत्रा वर्षातून एकदाच असते, हे त्यांना कोणी कळवले नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात नवी समिती नेमली गेली. जुन्या अहवालाने नियम उरले नाहीत, त्यामुळे अशा प्रक्षेपणांसाठी नियम करावेत का, याचा आढावा घ्यायचा होता. सभागृह तेच, अध्यक्ष दुसरे. अर्जदारांना या वेळी टेबलाशी खुर्ची होती. पत्नी बाजूला बसल्या होत्या. करार अजून खुला होता. नियम झाले तर परवाना मिळणार होता आणि परवाना मिळाला तर कारखाना चालणार होता.

नव्या अध्यक्षांचा पहिला प्रश्न रास्त होता. नियम करण्याआधी मागणी आहे का हे बघायला हवे. आपल्या भागात असे खासगी प्रक्षेपण आजवर एखादे तरी झाले आहे का?

बंदर खात्याने नाही सांगितले. पोलिसांच्या प्रतिनिधीने नोंद नसल्याचे सांगितले. मग सगळ्यांनी अर्जदारांकडे पाहिले.

ते काय म्हणतील, याचा मला अंदाज येईना. हो म्हटले असते तर मागणी सिद्ध होत होती. पण हो म्हटले असते तर शोभेच्या दारूकामाच्या परवान्यावर त्यांनी काय सोडले आणि इन्स्पेक्टरांनी कशावर सही केली, हेही सिद्ध होत होते. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. पत्नी त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या.

"न्हाई," ते म्हणाले.

सदस्य सचिवांनी लिहून घेतले. अध्यक्षांचा चेहरा उजळला. हे बरेच झाले, ते म्हणाले. म्हणजे घाई नाही, सगळ्या बाजूंनी नीट विचार करता येईल. "आणि नियम झाले की," ते अर्जदारांना म्हणाले, "पहिले तुम्हीच."

"बघू," अर्जदार म्हणाले.

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठले. मला एकच विचारायचे होते, की परत चैत्रात सोडणार का. त्यांच्या पत्नी दोन पायऱ्या पुढे होत्या. त्या थांबल्या, वळल्या आणि त्यांच्याऐवजी त्यांनीच उत्तर दिले. "यंदा रंग घालायला सांगितलंय गावाने," त्या म्हणाल्या, आणि दोघे खाली उतरून गेले.